कुकर न लावायचा तास

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या माझ्या घराच्या दारात उभी राहून भाजीवाल्याशी वांग्यांवरून भांडत होते. सुनंदा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, दिलीपची, बायको. अमरावतीला राजापेठेत राहते. सकाळच्या त्या वेळी ती कधीच फोन करत नसे. त्या वेळात त्यांच्या घरातल्या फोनचा आवाजसुद्धा बंद केलेला असे. म्हणून तिचं नाव दिसलं तेव्हाच हातातली वांगी टोपलीत परत गेली. "ताई, हे उठून नाई राहिले," ती म्हणाली. काय झालं, डॉक्टर आले का, शेजारी कोणी आहे का, असं मी एका दमात विचारलं. त्यावर ती जे बोलली ते गेला दीड महिना माझ्या कानातून निघायला तयार नाही. "टेबलावर हात ठेवून बसले होते. मले वाटलं गोळीची वाट पाहून राहिले. म्हून मी बोलली नाई... लय वेळ बोलली नाई, ताई."

मूर्तिजापूरमार्गे जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्या बाईनं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "कोन गेलं?" आमच्याकडे असंच विचारतात, आडपडदा नाही. मी म्हटलं, भाऊ. "मोठा का लहान?" लहान, म्हटलं. तिनं स्वतःच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवली. लहान भाऊ मोठ्या बहिणीच्या आधी जाणं हा निव्वळ आगाऊपणा आहे, असं मला वाटत होतं. लहानपणी जेवायच्या पाटावर तो असाच माझ्या आधी जाऊन बसायचा.

दिलीपनं सगळी नोकरी नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत, तयार कपड्यांच्या एका कारखान्यात केली. लाइन सुपरवायझर होता. तिथं एक शर्ट कोणी एकटा शिवत नाही. कुणी दिवसभर कॉलर शिवतो, कुणी बाही, कुणी फक्त काज करतो, आणि शर्ट या हातातून त्या हातात सरकत शेवटी घडी होऊन खोक्यात जातो. ही सरकणारी रांग अडू न देणं हे त्याचं काम. घरीसुद्धा तो तसाच बोलायचा. सुनंदाची पोळ्या लाटायची गती कमी झाली की म्हणायचा, "लाइन अडून राह्यली बाप्पा." मी त्याला सांगायची, तुझ्या कारखान्यानं काही नवीन शोधलेलं नाही. आपली आई उन्हाळ्यात पापड करायची तेव्हा दुसरं काय होतं? आधी सगळ्या लाट्या, मग सगळं लाटणं, मग सगळं गच्चीवर. त्याला ते एकदम पटलं होतं. आईनं कधी एक पापड पुरा करून मग दुसरा हातात घेतला का, असं तो पुढे मलाच ऐकवायला लागला.

विमानं घरात आली ती मुलासाठी. रोहित लहान असताना त्याच्या वाढदिवसाला दिलीपनं एक खोकं आणलं होतं. आत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले बारीक बारीक तुकडे. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की हातभर नाही, तळहाताएवढं लढाऊ विमान तयार होतं. खऱ्याची हुबेहूब लहान प्रत. रोहितनं दोन दिवसांत नाद सोडला आणि क्रिकेट खेळायला गेला. बापानं मात्र ते विमान पूर्ण केलं, आणि तिथून पुढे त्याला ते वेडच लागलं. पण कारखान्याच्या पाळ्या, घर, मुलाचं शिक्षण यात बसायला वेळ कुठला! मग त्यानं नवी तऱ्हा काढली. खोकी आणायची आणि न उघडता कपाटावर ठेवायची. रिटायर झालो की, म्हणायचा. एखादी बाई ठेवणीतल्या साड्यांची घडी मोडत नाही तसं त्याचं चाललं होतं. मी जायची तेव्हा खुर्चीवर चढून मला खोक्यांवरची चित्रं दाखवायचा आणि परत नीट रचून ठेवायचा. मला त्या विमानांमधलं काडीचं कळत नव्हतं, आजही कळत नाही. बाँब टाकणारी यंत्रं शोभेला ठेवायची हौस कशाला, हे मी त्याला तोंडावर विचारलंही आहे. तो हसायचा. "माह्यं इमान कोनावर बॉम्ब टाकत नाई, ताई. थे कपाटावरून खाली आलं तरी लय झालं."

रिटायर व्हायच्या वर्षी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी सगळ्यांनी थकवा म्हटलं, मग चहा जास्त होतो म्हटलं. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्यानंतर मी, दिलीप आणि सुनंदा दवाखान्याबाहेर रसवंतीच्या बाकावर बसलो होतो आणि दिलीपच्या हातातल्या ग्लासातला रस त्याच्या पँटवर सांडत होता. कंपवात. जिवाला लगेच धोका नाही, डॉक्टर म्हणाले होते. गोळ्या घेतल्या की हात काही वेळ स्थिर राहील, पण वर्षं जातील तशी ती वेळ कमी कमी होत जाईल. दिलीपनं ग्लास खाली ठेवला. मला वाटलं आता हा औषधाचं विचारेल, नाहीतर रोहितला कळवायचं का म्हणेल. तो म्हणाला, "आठ खोके हायेत ताई. एक बी उघडलं नाई." त्या क्षणी मला त्याच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली, आणि रडूही आलं.

घरी गेल्यावर त्यानं जे केलं त्यावरून आमचं पहिलं मोठं भांडण झालं. त्यानं आठही खोकी एकदम उघडली. जेवणाचं टेबल खिडकीशी ओढलं आणि सुनंदाच्या लग्नातल्या आहेराच्या स्टीलच्या वाट्या मांडल्या. त्या काळी आहेराच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव कोरून घ्यायची पद्धत होती, त्यामुळे प्रत्येक वाटीवर कोणाचं ना कोणाचं नाव. एकेका विमानाचे तुकडे एकेका वाटीत. विमानांची खरी नावं त्याला तोंडपाठ होती, पण घरात ती चालली नाहीत. मोठ्या मामांचं विमान, चांदूर बाजारच्या मावशीचं विमान, सुनंदाच्या मास्तरांचं विमान असंच सगळे म्हणू लागले. एका वाटीवर माझं नाव होतं. ते ताईचं विमान.

मी त्याला म्हटलं, अरे, एक घे, पूर्ण कर, समोर ठेव, मन भरून बघ, मग दुसरं घे. एक ना धड, भाराभर चिंध्या कशाला? तर म्हणाला, "एक पुरं केलं आन् हात गेला, तर बाकीचे सात खोक्यातच रायतेत. मी नाजूक काम पयले करून घेतो, आठईचं. पायलटचे तोंडं, समोरचे घड्याळं, काटे. हे हात हाये तोवरच होते. पंख काय, थे तर मी थरथरत्या हातानंई चिकटवीन." हे ऐकायला फार शहाणपणाचं वाटत होतं. "आणि आठही अर्धी राहिली तर?" मी विचारलं. कारखान्यात तोच सगळ्यांना ऐकवायचा, अर्धा माल म्हणजे माल नाही. तो वाट्या सरळ करत राहिला. नाही राहणार, असंसुद्धा म्हणाला नाही.

सकाळी नाश्ता झाला की गोळी. गोळी घेतली की तो टेबलाशी बसायचा, दोन्ही पंजे पालथे टेबलावर ठेवायचा आणि डोळे मिटून वाट पाहायचा. कोणी काही बोललं तर एवढंच म्हणायचा, "थांब, हात थांबू दे." पाऊण तास म्हणा, कधी जास्त, कधी कमी, मग बोटांची थरथर हळूहळू निवळायची, शेवटी करंगळी थांबायची. करंगळी थांबली की तो डोळे उघडून भिंग लावलेला दिवा ओढायचा. तिथून पुढे दीड-दोन तास त्याचा हात त्याचा असायचा. तेवढ्यात त्यानं आठही वैमानिकांचे चेहरे रंगवले. एकेक वैमानिक हरभऱ्याच्या दाण्याहून थोडा मोठा. दात कोरायच्या काडीच्या टोकाला चिकटवलेला, आणि आठही काड्या एका कच्च्या बटाट्यात ओळीनं खोवलेल्या. आधी आठांची कातडी, मग आठांची शिरस्त्राणं, मग आठांच्या भुवया. एकदा सुनंदानं भाजीला म्हणून तो बटाटा उचलला होता, तेव्हा त्यानं घर डोक्यावर घेतलं. त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो होतो... शेवटचं तसं हसू तेच असावं.

कारण थोड्याच दिवसांनी कुकरची शिट्टी झाली. तो भुवया काढत होता आणि सुनंदानं वरण-भाताचा कुकर लावला होता. कुठल्या घरात त्या वेळी लागत नाही! शिट्टीनं तो दचकला आणि ब्रश एका वैमानिकाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरला. सुनंदा धावत बाहेर आली, तिला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. तो ओरडला नाही. ब्रश खाली ठेवून रडायला लागला, साठीचा माणूस, आईनं मारलेल्या पोरासारखा. तो तास वाया गेला होता, आणि तसे तास आता मोजकेच उरलेत हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवसापासून त्या घरात नियम झाला. गोळी घेतल्यापासून काम संपेपर्यंत कुकर लावायचा नाही, मिक्सर नाही, दारावरची घंटी बंद, फोन बंद, आणि त्याच्याशी बोलायचं नाही. हा नियम त्यानं सांगितलेला नव्हता. सुनंदानं केला आणि तिनंच तो पाळला.

राजापेठेत शांतता मागणं म्हणजे आषाढात ऊन मागण्यासारखं. घरासमोर शिकवणीचे वर्ग, सकाळपासून पोरापोरींच्या गाड्या, हॉर्न, हाका. सुनंदा समोरच्या वर्गाच्या सरांकडे गेली. तिनं सरळ सांगितलं की आमच्या यांचा हात सकाळी थोडाच वेळ थांबते. सरांनी पोरांना काय सांगितलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावरच गाड्या बंद करून पोरं त्या ढकलत वर्गापर्यंत आणायला लागली. सगळी नाही, पण बरीच. मी खिडकीतून ते पाहिलं तेव्हा माझा त्या गोंगाटाच्या गावावरचा अर्धा राग गेला.

सुनंदाचा राग मात्र कोणी विचारला नाही. एकदा मी गेले असताना ती दिलीपला दुपारचं जेवण भरवत होती, कारण दुपारपर्यंत गोळी उतरलेली असायची आणि चमचा तोंडापर्यंत जाता जाता रिकामा व्हायचा. त्याची दाढी ती करायची, शर्टाची बटणं ती लावायची. ज्या माणसानं आयुष्यभर हजारो शर्टांना बटणं लावून घेतली त्याच्या शर्टाची. तो आडवा झाल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून म्हणाली, "हात चांगला रायते तवा इमानाले, आन् थरथरते तवा मले." मग लगेच पदरानं तोंड पुसून म्हणाली, "जाऊ द्या ताई. चहा मांडू?" मी तिच्या जागी असते तर त्या वाट्या केव्हाच खिडकीबाहेर भिरकावल्या असत्या. ती चांदूर बाजारच्या मातीतली, सोसणारी, पण सोसते म्हणजे तिला दुखत नाही असं नाही. दिवसातला तो शांत तास तिलाही हवा होता. नवऱ्यानं स्थिर हातानं एकदा तिचा हात धरावा, एवढंच. मी ते दिलीपला सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "हे आठ उरकू दे ताई. मंग सगळा हात तिचाच." हात कमी होत चालला होता आणि हा उधारीचे वायदे करत होता.

हिवाळाभर त्यानं विमानांच्या पोटातलं काम केलं, घड्याळांचे काटेबिटे, जे नंतर कोणाला दिसणारही नव्हतं. मग विमानांची अंगं जोडून झाली. मे महिना लागला तेव्हा गोळीचा तास खरोखर तासभरच उरला होता. पंख रंगवून झाले, पण त्याचे ते तेलाचे रंग सावकाश वाळणारे. एक हात दिला की दुसऱ्या हातासाठी दिवसभर थांबायचं. लाइन अडली. त्याला ते थांबणं सहन होईना. मग त्याला आई आठवली. एका सकाळी सुनंदा बाजारात गेली असताना त्यानं आईचं जुनं लुगडं काढलं, गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पत्र्यावर अंथरलं, आणि आठही विमानांचे पंख त्यावर ओळीनं मांडले. वाऱ्यानं उडू नये म्हणून लुगड्याच्या चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले. अगदी पापडासारखे! अमरावतीचं मे महिन्याचं ऊन, खाली तापलेला पत्रा, वर गडद रंगाचं पातळ प्लास्टिक. दुपारी तो उलथायला गेला तेव्हा सगळे पंख कडेनं वळले होते, काही तर चांगलेच द्रोणासारखे. एकेक विमान करत गेला असता तर एकाचेच पंख गेले असते. रांगेनं केलं की चूकही रांगेनं होते.

त्यानं मला फोन केला. म्हणाला, "ताई, सगळे वाकले." मी दुसऱ्या दिवशी गेले. सोळाच्या सोळा पंख परातीत पडले होते आणि तो भिंतीकडे तोंड करून आडवा होता. मी परातीतून माझ्या वाटीतल्या विमानाचे पंख उचलले, ते सगळ्यांत वाकडे होते. "हे बरं माझ्याच नशिबी आलं," मी म्हटलं. तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "तुह्यं हाये ना, वाकडंच असन." पण आवाजात जोर नव्हता. मी त्याचा एवढा खचलेला चेहरा आमचे वडील गेले तेव्हाही पाहिला नव्हता. तो उठून बसला आणि एकदम मोठ्यानं, मला किंवा देवाला, कोणाला ते कळलं नाही, म्हणाला, "मी जास्त काय मांगतलं होतं? आठच मांगतले होते ना?" सुनंदा दारात उभी होती. तिनं ते ऐकलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

ती परत आली ती कढत पाण्याचं पातेलं घेऊन. वाकलेलं प्लास्टिक कढत पाण्यात नरम होतं आणि सरळ करता येतं, हे त्यानंच कधीतरी तिला सांगितलं होतं आणि तो विसरला होता. ती विसरली नव्हती. मग पुढचे काही आठवडे त्या तासात दोघं टेबलाशी बसू लागली. पंख पाण्यात बुडवायचा, तिनं दोन्ही हातांनी हळूच दाबून धरायचा, आणि त्यानं नजर लावून सांगायचं, जरा खाली, आणखी जरा, बस. की लगेच गार पाण्यात. त्या तासात बोलायचं नाही हा नियम तेवढ्यापुरता मोडला. माझ्या भावाच्या संसारात मी त्यांना इतकं एकमेकांना चिकटून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. कधीकधी तिची बोटं भाजायची तेव्हा तो ती आपल्या हातात घेऊन फुंकर मारायचा, थरथर असो नसो. शेवटची भेट झाली तेव्हा माझ्या विमानाचे पंख सोडून बाकी सगळे सरळ झाले होते. मी निघताना तो दारापर्यंत आला. "पुढच्या वेळी आलीस का तुह्ये पंख करू. मंग जोडनी. जोडनी काई नाई, आठ दिवसाचं काम," म्हणाला. त्याच्या तोंडावर पुष्कळ महिन्यांनी थोडा उजेड होता. पंख सरळ झाल्यामुळे आता घाई नाही, असं सुनंदा म्हणाली होती, आणि त्यानं मान हलवली होती.

दोन दिवसांनी सकाळी त्यानं गोळी घेतली, खुर्चीवर बसला, पंजे पालथे टेबलावर ठेवले आणि डोळे मिटले. सुनंदानं पाणी तापायला ठेवलं आणि त्यानं हाक मारायची वाट पाहत ती आत भाजी निवडत बसली. हात थांबला की तो हाक मारायचा. पाणी उकळलं, तिनं गॅस बारीक केला. मधे एकदा डोकावून पाहिलं. तो तसाच बसलेला, आणि हात अगदी स्थिर. तिला बरं वाटलं. गोळी आज चांगली लागली, असं मनात आलं, हेसुद्धा तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. पाणी आटत आलं तेव्हा ती जवळ गेली.

हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. एका क्षणात गेले, तुम्ही शेजारी बसला असता तरी काही करता आलं नसतं. हे त्यांनी सुनंदाला सांगितलं, रोहितला सांगितलं, मला सांगितलं. आम्ही दोघांनी मान हलवली. सुनंदानं नाही. बायाबापड्या भेटायला आल्या की ती प्रत्येकीला तेच विचारायची, "मी बोलली असती तं?" आणि प्रत्येक जणी तेच उत्तर द्यायची, आणि ती पुढच्या बाईला परत विचारायची. मला राग येतो. दिलीपचा येतो, की मूर्खा, तू सगळं आयुष्य हाताकडे बघत राहिलास आणि मरण छातीकडून आलं. नाजूक काम आधी उरकून ठेवलंस आणि सोपं, आठ दिवसांचं, कोणालाही जमण्यासारखं काम ठेवून गेलास. आणि ते कोणालाही जमत नाही. रोहितनं तेराव्यानंतर एक पंख हातात घेतला, विमानाच्या अंगाशी लावून पाहिला आणि वाटीत परत ठेवला. "आत्या, माझ्यानं नाही होणार," म्हणाला. हैदराबादला परत जाताना तो मला स्टेशनवर बिलगून रडला.

आता सव्वा महिना होऊन गेल्यावर मी पुन्हा गेले. टेबल तसंच खिडकीशी आहे. वाट्या तशाच, फक्त सुनंदा रोज त्यांवरची धूळ पुसते. बटाटा वाळून सुरकुतला आहे, त्याला मोड फुटून तेही सुकलेत, आणि त्यात ते आठ जण भुवया उंचावून उभे आहेत. ज्याच्या तोंडावर ब्रश फिरला होता तोसुद्धा, पुन्हा रंगवलेला. सुनंदा त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पायलट आठई तयार हायेत, ताई. इमान एक बी नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाला आणि घर एकदम चिडीचूप झालं. माझ्या ते आधी लक्षात आलं नाही. सुनंदा बिनआवाज पावलांनी वावरत होती, भांडं ठेवतानाही खाली फडकं घालत होती. बाहेर पोरं अजून कोपऱ्यापासून गाड्या ढकलत आणत होती. "तू त्यांना सांगितलं नाहीस का?" मी विचारलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. मी हळू विचारलं, कुकर कधी लावतेस? तर म्हणाली, "लावन ना. हा तास जाऊ द्या." खुर्ची रिकामी होती आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या बाया तिच्याकरता कुजबुजत होतो.

मला ते सहन झालं नाही. मी उठले, डाळ-तांदूळ धुतले, कुकरमध्ये घातले, झाकण लावलं आणि गॅस मोठा केला. ती नको नको म्हणत मागे आली, माझा हात धरला, "ताई, नोको ना..." म्हणाली. मी तिचा हात सोडला नाही. आम्ही तशाच उभ्या राहिलो, स्वयंपाकघराच्या दारात, टेबलाकडे तोंड करून. वाफ धरायला वेळ लागतो, तेवढा लागला. मग शिट्टी झाली, कानठळ्या बसतील अशी.

आम्ही दोघींनी खुर्चीकडे पाहिलं.